कंसातलं मशीन वाचत नाही

उचगाव
१८ नोव्हेंबर २०२४

निसारभाई,

पत्र बघून तुझी मुस्कान म्हणेल, जोतीकाकांकडं एवढा मोठा मोबाईल असून पत्रं कसली सुचतात. तिला सांग, तुझ्या बापाच्या गळ्यात आवाज नाही आणि खिशात बटणांचा फोन आहे, मग काकानं दुसरं करायचं काय? दोन वर्षं झाली तुझ्या ऑपरेशनला, म्हणजे दोन वर्षं मी तुझ्याशी फोनवर बोललेलो नाही. सवय होईल असं वाटलं होतं, पण काही झाली नाही.

आता काम सांगतो. शेडमधला कॉम्प्युटर गेला. दोनदा दुरुस्तीला नेला, तिसऱ्यांदा दुकानदारानंच हात जोडले. त्याच्याकडंच एका शाळेतला जुना कॉम्प्युटर पडून होता, तो घेऊन आलो. त्यात विंडोज नाही, लिनक्स म्हणून काहीतरी आहे. दुकानदार म्हणाला, "ह्ये फुकटचं असतंय, पावणं. व्हायरस न्हाय, काय न्हाय. बिनघोर वापरा की." बिनघोर कसलं? चालू केल्यावर सगळं जागच्या जागी दिसतं, आणि मला पाहिजे ते एकही सापडत नाही.

हे सगळं आत्ताच करायचं कारण म्हणजे कुरुंदवाडच्या विजयसिंहांनी उपसा पंपांचे पाइप जोडायचे एकशे वीस फ्लँज दिलेत. जानेवारीअखेर पाहिजेत. फ्लँज तोच, आपल्या जुन्या वर्कशॉपमध्ये करायचो तो. फक्त मधलं भोक चार मिलिमीटरनं वाढवायचं आहे. तुझा जुना प्रोग्रॅम वर्कशॉपमधून आणलेल्या त्या निळ्या पेनड्राइव्हमध्ये आहे. आजऱ्याला जायच्या आधी तू इथं जवळ होतास तोवर असले बदल तूच करायचास, मी नुसता केबल लावून लेथ मशीनला पाठवायचो. आता उघडायचा कशात, बदलायचा कसा आणि जतन कसा करायचा, सगळं मलाच आलं पाहिजे.

यूट्यूबवर बघून झालं. बोलणारी पोरं इतकी घाईत असतात, जणू त्यांची एसटी सुटायला आलीय. गल्लीतलं कुणी येऊन दहा मिनिटांत करूनही देईल, पण पुढच्या वेळी मी पुन्हा दारात उभा. अठ्ठावन्न झालं निसारभाई, आता दारात उभं राहायचा कंटाळा येतो. तू लिहितोस ते मला कळतं, तेव्हा तूच लिही.

जोतीराम


आजरा
२३ नोव्हेंबर २०२४

जोती,

पत्र मिळालं. मुस्कान हसली, आणि पोस्टात जाताना माझ्यासाठी दहा पाकिटं घेऊन आली. म्हणजे तिला अंदाज आहे.

माझं ठीक आहे. इकडं काजू भाजायला लागले की धूर घरात येतो आणि गळ्याच्या भोकाला तो सोसत नाही, म्हणून दिवसभर ओलं फडकं बांधून बसतो. बाकी जेवण जातं, झोप येते. या वयात आणखी काय पाहिजे?

तुझं काम होण्यासारखं आहे, पण घाई करायची नाही. मशीनचा प्रोग्रॅम म्हणजे साधा मजकूर असतो. तो बदलायला कोड लिहायचा एडिटर लागतो. त्यात प्रत्येक ओळीला नंबर दिसतो, पाहिजे तो आकडा शोधता येतो, आणि चुकून एखादं अक्षर खोडलं गेलं तर ते लगेच कळतं. आपल्या कामात एक अक्षर म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको.

पहिलं काम, तो कॉम्प्युटर कुठल्या जातीचा आहे हे बघ. बत्तीस बिटचा असला तर एक एडिटर चालतो, चौसष्ट बिटचा असला तर दुसरा. टर्मिनल नावाची काळी चौकट असते, ती शोधून उघड. त्यात सोबतच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेली ओळ जशीच्या तशी टाक, एंटर दाब, आणि उत्तर येईल ते मला कळव.

दुसरं महत्त्वाचं. एडिटर बसेपर्यंत निळा पेनड्राइव्ह लावू नको. नव्या सिस्टिमवर जुन्या फायली अशाच उघडल्या तर बिघडतात. तोवर त्यांना हात लावू नको, एवढं ऐक.

आणि माझी जुनी शिकवण ध्यानात आहे ना? प्रोग्रॅममध्ये कुठलाही बदल केला की शेजारी कंसात तारीख, काय बदललं ते आणि स्वतःचं नाव लिहायचं. कंसातलं मशीन वाचत नाही, ओलांडून पुढं जातं. ते माणसासाठी असतं. मी चाळीस वर्षांत हे एकदाही चुकवलेलं नाही.

निसार


उचगाव
२९ नोव्हेंबर २०२४

निसारभाई,

गुरुजी, आधी कान पकडतो. तुझं पत्र यायच्या आधीच मी एक उद्योग करून बसलो होतो. सगळे ज्याचं नाव घेतात तो मोठा एडिटर मोबाईलच्या नेटवरून उतरवला. त्या दिवसाचं सगळं नेट त्यातच संपलं. चार तास लागले, आणि बसवायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणाला, ही फाईल माझ्यासाठी नाही. मग तुझी चिठ्ठी टाकली. उत्तर आलं आय सहाशे शहाऐंशी. म्हणजे काय ते तुला माहीत, मला एवढं कळलं की शाळेनं तो का काढून टाकला.

टाइप करायला फार वेळ लागतो. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत ही गोष्ट एरवी मी विसरलेलो असतो. जेवताना आठवत नाही, गाडी चालवताना आठवत नाही. की-बोर्डसमोर बसलं की आठवते. मग तो दिवस आठवतो, चौदा ऑगस्ट. मशीनचं दार उघडं ठेवून हात दाराच्या कडेवर टेकून उभा होतो. टूल धडकलं, नग उडाला आणि बरोबर हातावर आला. सगळेच दार उघडं ठेवायचे, पण सापडलो मी. चौकशीत लिहिलं, दार उघडं, नग धरणाऱ्या चकचे जबडे न तपासता लावले, चूक ऑपरेटरची. जबडे मी तपासले होते असं मला अजूनही वाटतं. पण नऊ वर्षं झाली, आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही.

आईला शेवटपर्यंत तेच लागून राहिलं होतं. आमच्या धोंडुबाईचा स्वभाव तुला माहीत आहे. दवाखान्यातसुद्धा शेजारच्या बाईला सांगत होती, "माझं पोरगं हुशार हाय, पर ध्यान न्हाय त्याचं कशातच. त्यापायीच बोटं गेली."

असो. त्या वेळी नोकरी गेल्यावर मी शेडमध्ये जुनं मशीन आणून बसलो तेव्हा तू दर रविवारी सायकलवरून आलास. डाव्या हातानं टाइप करायला तूच शिकवलंस. सात वर्षं एक रविवार चुकवला नाहीस. घरातली माणसंसुद्धा एवढं करत नाहीत. ते कधी बोललो नाही, तेव्हा आज लिहून टाकतो.

पुढची चिठ्ठी पाठव. पेनड्राइव्ह लावलेला नाही.

जोतीराम


आजरा
४ डिसेंबर २०२४

जोती,

तुझा कॉम्प्युटर बत्तीस बिटचा आहे, त्यामुळं मोठा एडिटर त्यावर चालायचा नाही. काळजी करू नको. जीनी नावाचा एक लहान एडिटर आहे. हलका आहे आणि जुन्या यंत्रावर नीट चालतो.

दुसरी चिठ्ठी सोबत आहे. मोबाईलचं नेट जोड, टर्मिनल उघड आणि ती ओळ टाक. मग तो पासवर्ड मागेल. ध्यानात ठेव, पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच दिसणार नाही. अक्षर नाही, ठिपकाही नाही. की-बोर्ड बंद पडला असं समजू नको. न दिसताच पूर्ण टाकायचा आणि एंटर दाबायचं.

आता माझं एक ऐक. गेले चार दिवस विचार करतोय. त्या जुन्या प्रोग्रॅमच्या मागं लागू नको. मी तुला कागदावर नवा प्रोग्रॅम लिहून पाठवतो. तू विजयसिंहांच्या ड्रॉइंगवरची सगळी मापं कळव आणि जुन्या फ्लँजची जी मापं आठवतात तीही लिही. मला इथं दुसरं काम नाही, दोन दिवसांत लिहून होईल. नवं ते नवं. तू जीनीमध्ये ते टाइप करायचं. सरावही होईल.

तू त्या दिवसाबद्दल लिहिलंस. ते आता सोडून दे जोती. जे झालं ते झालं. आणि रविवारचं काय घेऊन बसलास? मला घरी करमत नव्हतं म्हणून यायचो.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरला तपासणीला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले ठीक आहे. ते नेहमीच ठीक आहे म्हणतात. दमायला होतं. बसमध्ये एकानं तिकिटाबद्दल काहीतरी विचारलं, मी गळ्याकडं बोट दाखवलं, तर तो मोठ्यानं बोलायला लागला. आवाज गेला म्हणजे कानही गेले असं लोकांना वाटतं.

निसार


उचगाव
१२ डिसेंबर २०२४

निसारभाई,

तुमचं पत्र मिळालं.

चिठ्ठीवरची ओळ टाकली. पासवर्ड मागितला. टाकायला लागलो तर काही दिसेना. तुम्ही लिहिलं होतं तरी मधेच सोडून दिलं. न दिसता टाकत राहणं मला जमलं नाही.

ड्रॉइंगची मापं पाठवत नाही. आधी एक सांगा. जुना प्रोग्रॅम का नको? चालत होता की. हजारभर नग काढलेत आपण त्यावर. मग आताच काय झालं? कारण लिहा.

शेडमध्ये काम थोडं आहे. विजयसिंहांचा फोन आला होता. त्यांना सांगितलं, करतोय.

जोतीराम


आजरा
१८ डिसेंबर २०२४

जोती,

तू मला तुम्ही कधीपासून म्हणायला लागलास? मुस्कानला दाखवलं, ती म्हणाली, काकांची तब्येत बरी नसेल. बरी आहे ना? कंटाळला असशील. कॉम्प्युटरचं काम असंच असतं, नवशिक्याला आधी रडवतं. मीही पहिल्यांदा शिकलो तेव्हा सुपरवायझरसमोर की-बोर्ड आपटला होता.

जुन्या प्रोग्रॅमचं विचारलंस. तो जुन्या मशीनच्या पद्धतीनं लिहिलेला होता. तुझं मशीन वेगळं. त्यातल्या काही ओळी तुझ्या मशीनला जमतील, काही जमणार नाहीत. नव्यानं लिहिलेलं बरं. शिवाय भोक वाढलं की पुढची सगळीच मापं हलतात. हे पत्रात समजावणं अवघड आहे.

पासवर्डचं असं कर. आधी तो कागदावर लिही, कागद समोर ठेव, एकेक अक्षर बघून दाब. पडद्याकडं बघूच नको. आपण मशीनवर हात ठेवून आवाजावरून ओळखायचो ना, काप बरोबर चाललाय का ते? तसंच समज. दिसत नसलं तरी आत काम होत असतं.

थंडी वाढलीय. सकाळी दहापर्यंत अंथरुणातून उठवत नाही. या महिन्यात मला फार थकल्यासारखं वाटतंय, कारण कळत नाही. मापं पाठव, म्हणजे मी कामाला लागतो.

निसार


उचगाव
३० डिसेंबर २०२४

निसारभाई,

पासवर्ड कागदावर लिहून, पडद्याकडं न बघता टाकला. एंटर दाबलं. त्यावर कॉम्प्युटरनं काय लिहिलं ते मराठीत सांगतो. तुमचं नाव परवानगीच्या यादीत नाही. ही घटना कळवली जाईल.

शाळेच्या कॉम्प्युटरवर एक माणूस एक एडिटर बसवायला बघतो, त्यातही त्याचं नाव यादीत नाही, आणि वर ती घटना म्हणे कळवणार. तुम्हाला या यंत्रांची माहिती आहे म्हणून विचारतो. कुणाला कळवतात? आणि ज्याला कळवतात तो पुढं काय करतो?

जुन्या मशीनच्या पद्धतीचं तुम्ही लिहिलंत ते मला पटलं नाही. सात वर्षं त्याच पद्धतीचे प्रोग्रॅम तुम्ही माझ्या मशीनवर चालवलेत.

पुन्हा विचारतो. जुना प्रोग्रॅम का नको? मी तिसऱ्यांदा विचारणार नाही. दमलो.

जोतीराम


आजरा
६ जानेवारी २०२५

जोती,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ती घटना कुणालाच कळवत नाहीत. कॉम्प्युटर ती आतल्या एका फाईलीत लिहून ठेवतो आणि ती फाईल कुणी उघडत नाही. एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. दोन दिवस कागद तसाच पडून होता.

जुना प्रोग्रॅम नको, कारण त्यात माझी एक नोंद आहे. ती तू वाचू नयेस असं मला वाटत होतं. आता वाटत नाही, किंवा वाटलं तरी तसं वागायची ताकद राहिली नाही.

दोन हजार पंधराच्या जुलैमध्ये मालकांनी मला बोलावून सांगितलं की फ्लँजला फार वेळ लागतो, काहीतरी कर. शेवटचा काप झाला की टूल आधी सरळ मागं यायचं आणि मग वर जायचं. मागं यायची ती ओळ मी काढून टाकली. टूल तिरकं थेट वर जायला लागलं. नगामागं सहा सेकंद वाचले. मालक खूश झाले. महिनाभर लहान जबडे होते तोवर निभावलं. चौदा ऑगस्टला तू मोठे जबडे लावलेस. बरोबरच लावलेस, त्या दिवशीच्या कामाला तेच पाहिजे होते. टूल वाकड्या वाटेनं जाताना जबड्याला धडकलं. तू तपासलं नव्हतंस असं नाही. तू कितीही तपासलं असतंस तरी ते धडकलंच असतं.

तुला दवाखान्यात नेलं, आणि मी मशीनवर जाऊन ती ओळ परत घातली. चौकशीला आलेल्यांनी विचारलं, प्रोग्रॅम ठीक आहे का? मी म्हणालो, ठीक आहे. त्या क्षणी तो ठीकच होता. माझी मुलगी बारावीला होती, नोकरी गेली असती, ही सगळी कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलीत की तुला लिहायची लाज वाटते.

पण सवय आडवी आली. ओळ परत घातली तेव्हा हातानं शेजारी कंसही घातला. तारीख, काय बदललं आणि नाव. नोंद न करता फाईल बंद करायला मला जमलंच नाही. ती तुझ्याच पेनड्राइव्हमध्ये नऊ वर्षं आहे. मी तुझ्या शेडमध्ये दर रविवारी यायचो तेव्हा तो समोर टेबलावर असायचा.

आणखी एक. एडिटरची गरजच नव्हती. त्या कॉम्प्युटरमध्ये साधा एडिटर पहिल्यापासून असतो. फाईलवर दोनदा टिचकी मारली असतीस तर उघडली असती. फायली बिघडतात हे खोटं होतं. तू पहिल्या दिवशीच फाईल उघडशील या भीतीनं मी तुला जीनीच्या वाटेला लावलं. वाटलं, तेवढ्यात नवा प्रोग्रॅम देऊन टाकू.

यादीत नाव नाही त्यावर उपाय तिसऱ्या चिठ्ठीवर आहे. मुख्य पासवर्ड दुकानदारानं कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागं चिकटवलेला असेल. तो टाकून आत जा, मग जीनी बसव. फाईल उघडून वाच. आईंचं तू लिहिलंस ते वाचल्यापासून मी नीट झोपलेलो नाही. त्यांना सांगायचं राहून गेलं, ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. माफी मागतो आणि माफीनं काही होत नाही हेही मला कळतं.

निसार


उचगाव
३ फेब्रुवारी २०२५

निसारभाई,

जवळजवळ महिन्यानं लिहितोय. या महिन्यात दोन पत्रं लिहून फाडली. त्यात शिव्या होत्या. हेही फाडावंसं वाटतंय, पण आता दम नाही.

तू नवा प्रोग्रॅम लिहितो म्हणून मापं मागितलीस ना, ते पत्र मिळालं त्याच दिवशी, नऊ डिसेंबरला, दुपारी जेवून बसलो होतो. जुन्या फ्लँजची मापं आठवेनात. म्हटलं, बघून लिहू. पेनड्राइव्ह लावला, फाईलवर टिचकी मारली, आणि उघडली की. कसला जीनी आणि कसलं काय. वरून खाली वाचत आलो आणि त्या ओळीशी थांबलो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची तुझी पद्धत. "ही ओळ मी काढली होती. परत घातली. जोतीची चूक नव्हती. निसार. चौदा आठ पंधरा."

म्हणजे मला दोन महिने माहीत आहे. त्यानंतर तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत येड्यासारखं विचारत राहिलो, पासवर्ड दिसत नाही, यादीत नाव नाही. यंत्राचं अडलं होतं हे खरं, पण एडिटर मला नकोच होता. तू सांगावंस म्हणून मी वाट बघत होतो. जुन्या मशीनची पद्धत वेगळी असं लिहून आलं, तेव्हा ते पत्र घेऊन मी शेडबाहेर जाऊन उभा राहिलो. बोटं गेली तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं.

राग कशाचा आहे ते सरळ सांगतो. ओळ काढलीस त्याचा नाही. मालक सांगतात तसं सगळेच करतात. दार मी उघडं ठेवलं होतं, ते माझंच. चौकशीत घाबरलास, तेही समजू शकतो. पण त्यानंतर सात वर्षं रविवार होते. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा सतरा दिवस मी तुझ्या उशाशी होतो. तू पाटीवर लिहायचास, पाणी दे, पंखा कमी कर, जोती जेवलास का. त्याच पाटीवर एक ओळ जास्त लिहिली असतीस तर? आई तेव्हा जिवंत होती. मी घरी जाऊन तिला सांगितलं असतं, आई, ध्यान होतं माझं.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. महिनाभर एकच गोष्ट मनात घोळतेय. ते रविवार मैत्रीचे होते की फेडीचे? मी तुला लिहिलं होतं, घरातली माणसं एवढं करत नाहीत. आता तेच वाचून मला लाज वाटते. मी ज्याला माया समजलो ती शिक्षा असेल तर माझ्याजवळ राहिलं काय? बोटं गेली, नोकरी गेली, आई गेली. तू एक होतास.

विजयसिंह गेल्या सोमवारी स्वतः आले. म्हणाले, "पावणं, जमत नसंल तर तसं सांगा, राग न्हाय." त्यांचं खरं होतं. साध्या एडिटरमध्ये भोकाचा आकडा बदलून मी डिसेंबरातच मशीन लावू शकलो असतो. त्या फाईलीला हात लावायला मन होत नव्हतं. त्यांच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी तुझी तिसरी चिठ्ठी काढली. पासवर्ड डब्याच्या मागं होता, तू म्हणालास तसाच. टाकला. काही दिसलं नाही, तरी शेवटपर्यंत टाकला. अक्षरं भराभर वर सरकली आणि जीनी बसला. तुझा जीनी चांगला आहे. ओळींना नंबर दिसतात. तुझी ती ओळ सत्तेचाळीस नंबरची.

आधी ती नोंद खोडायला गेलो. कर्सर फिरवून सगळा कंस निळा केला, डिलीटवर बोट ठेवलं. दाबलं नाही. नोंद पुसायची नाही असं तूच शिकवलंस, आणि नऊ वर्षांत माझ्या बाजूनं कुणी काही लिहिलं असेल तर तेवढंच आहे. तो कंस तसाच ठेवला. मग भोक चार मिलिमीटरनं वाढवलं, त्याच्या शेजारी तारीख घातली, बदल लिहिला आणि माझं नाव घातलं. आणि तुझ्या नोंदीखाली आणखी एक कंस घातला. "वाचलं. जोती."

पहिला नग मशीनचं दार बंद करून काढला. टूल सरळ मागं आलं, मग वर गेलं. मी ते सहा सेकंद मोजले. आतापर्यंत चाळीस नग झालेत, आणि दर नगाला मोजतोय.

माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण केलंय की नाही ते मला अजून कळलेलं नाही. फेडीचं मात्र मला विचारायचं आहे, आणि ते पत्रात विचारायचं नाही. पत्रात तू चार दिवस विचार करून लिहितोस. माझ्यासमोर बसून लिही. नऊ तारखेला रविवार आहे. आजऱ्याहून सकाळची एसटी पकड, स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो.

पाटी घेऊन ये.

जोती